नाव? काम? कोणाकडे?

समोरच्या फ्लॅटमध्ये वाटीभर विरजण मागायला जायचं असलं, तरी मला आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून खणखणीत आवाज येतो, "नाव?"

"विद्या टिपणीस."

"काम?"

"विरजण."

"कोणाकडे?"

"रझियाताईंकडे."

"मोठ्याने बोला, बाई."

मग मी हे सगळं पुन्हा, जिन्यातली कबुतरं उडतील अशा आवाजात म्हणते. तेव्हा कुठे दार उघडतं आणि समोर बशीर नाखवा उभे असतात. उंच, ताठ, कातरलेली पांढरी दाढी, घरातसुद्धा पायात बूट. दाराला बाहेरचं बघायला भिंग बसवलेलं आहे. त्यातून मी त्यांना स्वच्छ दिसत असते. माझी मुलगी मिताली शाळेत होती तेव्हापासून आम्ही समोरासमोर राहतोय, आता ती बंगळूरला नोकरी करते. तरी "नाव?" सुटत नाही.

हा नियम दूधवाल्याला आहे, इस्त्रीवाल्याला आहे आणि नाखवासाहेबांच्या सख्ख्या मेहुण्यालाही आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भाटियाजी एकदा तापून ओरडले, "अरे नाखवासाब, मैं हूँ, भाटिया!" आतून शांतपणे प्रश्न आला, "पूरा नाम?"

बरं, नियम त्यांना स्वतःलाही चुकत नाही. संध्याकाळी कामावरून आले की हा गृहस्थ खिशात किल्ली असताना स्वतःच्या दाराची बेल वाजवतो आणि बंद दाराला सांगतो, "बशीर नाखवा. बंदर सुरक्षा. रझिया नाखवांकडे." आतून रझियाताई विचारतात, "पास आहे का?" हे म्हणतात, "नाही." त्या म्हणतात, "मग भाजी आणली असेल तर या." पूर्वी मिताली आमच्या दाराआड उभी राहून हे ऐकायची आणि तोंडात ओढणी कोंबून हसायची.

बंदर सुरक्षा हे ऐकून तुमच्याही कपाळाला आठ्या पडल्या असतील. दिल्लीत कसलं आलंय बंदर! पण ते खरं आहे. नाखवासाहेबांच्या कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला आहे आणि ती देशभरातल्या बंदरांना सुरक्षा पुरवते. बंदराच्या फाटकावर कोण आलं, जहाजाच्या शिडीवर कोण चढलं, कंटेनरचं सील कोणी तोडलं का, हे बघणारी माणसं तयार करायची आणि मग ती नीट बघतात का ते अचानक जाऊन बघायचं, हे साहेबांचं काम. जहाजाच्या त्या शिडीला गँगवे म्हणतात. नाखवासाहेबांच्या मते जगातल्या सगळ्या भानगडी गँगवेवर ढिलाई झाल्यामुळे होतात.

माणूस मूळचा कोकणातला, खाडीकाठचा. घराण्यात पिढ्यान् पिढ्या गलबतं. लहानपणी चालायच्या आधी वल्हवायला शिकलो, असं ते सांगतात आणि मी त्यातलं अर्धं खरं मानते. हेड ऑफिसात थोडे दिवस काढू आणि परत किनाऱ्याला जाऊ, असं ठरवून ते दिल्लीला आले. इथे त्यांचं रझियाताईंशी लग्न ठरलं. रझियाताई म्हणजे पक्क्या दिल्लीकर. वडील रत्नागिरीचे, पण केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे ह्यांचा जन्म आणि बालपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये. पुढे पहाडगंजच्या मराठी शाळेत शिक्षिका. समुद्र बघितला की ह्यांना चक्कर येते. थोडे दिवस लांबत गेले, दिल्लीच्या द्वारका भागात फ्लॅट झाला, आणि साहेब अडकले ते अडकले.

"द्वारका!" ते चहा पिताना म्हणायचे. "नाव बघा आणि पाणी बघा. टँकर आला तर पाणी!"

त्या घरात ज्याने ज्याने चहा घेतला, त्याला त्यांची एक इच्छा तोंडपाठ आहे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचं एक बंदर, लहान का असेना, पूर्ण आपल्या ताब्यात मिळावं. खिडकी उघडली की खारा वारा यावा. "एकदा द्या फक्त माझ्या हातात," असं म्हणून ते मूठ उघडून दाखवायचे, जणू बंदर तिथे ठेवायचं आहे. मग रझियाताई त्या मुठीत बिस्किट ठेवायच्या.

बंदर मिळेपर्यंत त्यांनी आमची सोसायटी चालवायला घेतली. बंदरात धोक्याप्रमाणे सुरक्षेच्या तीन पातळ्या असतात. लेव्हल वन म्हणजे रोजचं, टू म्हणजे सावध, थ्री म्हणजे आता काहीतरी होणारच. ह्या पातळ्या आमच्याकडेही लागू झाल्या. होळीला लेव्हल टू. भाटियाजींच्या मुलीच्या लग्नात लेव्हल टू, कारण वरातीत घुसून जेवून जाणारे फार. गणपतीत लेव्हल टू, पण आरतीला स्वतः पहिल्या रांगेत, झांज त्यांच्याकडे. लेव्हल थ्री आजवर एकदाच जाहीर झाली. माकडांची टोळी गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचली तेव्हा. आमचा फाटकावरचा रामसुमेर शिट्टी फुंकत धावला आणि साहेब जिन्यात ओरडत होते, "अनधिकृत प्रवेश! पास किसने दिया?" माकडं भाटियाजींची वाळत घातलेली बनियन घेऊन गेली. साहेबांनी दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला सील लावलं.

ह्या सिलांनी तर आमच्या नाकात दम आणला होता. कंटेनरला लावतात तसली, एकदा बसली की तोडल्याशिवाय न निघणारी. त्यांच्या प्रवासी बॅगांना सील, लोणच्याच्या बरणीला सील. आम्ही नागपूरला गेलो की आमच्या दाराला सील. मी एकदा म्हटलं, "अहो साहेब, ह्या प्लॅस्टिकच्या पट्टीने चोर थांबणार आहे का?"

"चोर थांबवायला कुलूप असतं, बाई," ते म्हणाले. "सील फक्त एवढंच सांगतं की आतलं जसं होतं तसंच आहे. तेवढं कळलं तरी माणूस शांत झोपतो."

मी आयुष्यभर केंद्र सरकारच्या मंत्रालयात फायलींवर शेरे मारलेली बाई. नियमावर नियम लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि बहुतेक सगळी स्वतःची खुर्ची सांभाळण्यासाठी लावतात. हा माणूस तसा नाही हे मला लवकर कळलं होतं. कुणाचंही पार्सल हरवो, कुणाचे म्हातारे वडील फिरायला जाऊन उशिरापर्यंत न येवोत, सगळ्यात आधी नाखवासाहेब बूट घालून खाली. म्हणजे बूट घातलेलेच असायचे. मी त्यांची टिंगल करायचे, पण गावाला जाताना किल्ली त्यांच्याचकडे द्यायचे.

अलीकडे मात्र मला एक शंका होती. पूर्वी नाव विचारल्यावर नुसतं ओळखपत्र भिंगासमोर धरलं तरी मुकाट प्रवेश मिळायचा. दीड-दोन वर्षांपूर्वी कधीतरी नियम बदलला. ओळखपत्राला कोणी विचारेना, नुसतं मोठमोठ्याने बोलायचं. त्यात नवीन भर अशी की तुमचं नाव सांगून झालं की साहेब ते आतल्या दिशेला तोंड करून पुन्हा एकदा जाहीर करायचे, "समोरच्या विद्या टिपणीस. मितालीची आई!" मी मनात म्हटलं, झालं, कान गेले. वय झालं की पुरुष कानाचं यंत्र लावत नाहीत, जगाला ओरडायला लावतात. त्यांचे बाहेरगावचे दौरेही बंद झाले होते. आठवड्यातून थोडे दिवस मानेसर, बाकी वेळ घर.

मी निवृत्त झाले आणि घरात बसून कंटाळले, तेव्हा साहेबांनी मला काम दिलं.

"टिपणीसबाई, घुसखोर व्हाल का?"

मानेसरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या मधोमध, त्यांच्या कंपनीचं प्रशिक्षणाचं आवार आहे. तिथे नव्या रक्षकांची परीक्षा म्हणून खोटे हल्ले, खोट्या घुसखोऱ्या करतात. त्यासाठी रक्षकांनी कधी न पाहिलेला माणूस हवा होता. रझियाताईंजवळ त्यांच्याकडे कामाला येणारी कमला दिवसभर थांबली आणि आम्ही कंपनीच्या बसने निघालो.

ते बंदर पाहून मी धन्य झाले. एका उंच लोखंडी चौथऱ्याला जहाजासारखा रंग दिलेला. त्याला खरीखुरी जहाजाची शिडी टेकवलेली. शिडीखाली जिथे समुद्र हवा तिथे हरियाणाची धूळ, आणि त्या धुळीत एक शेळी निवांत बसलेली. शिडीवरच्या रक्षकांच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेटं.

"पाण्याचा थेंब नाही, आणि हे कशाला?" मी विचारलं.

"समुद्र नंतर येतो, बाई. सवय आधी लागते."

माझं काम, पासाशिवाय शिडी चढून जहाजावर जायचं. कसं, ते माझं मी ठरवायचं. मला काय ठरवायचंय! चष्मा नाकावर ओढला, काखेत फाईल मारली आणि मंत्रालयाच्या कॉरिडॉरमधून चालायचे तशी तरातरा शिडीशी गेले. "मिनिस्ट्री से आई हूँ. इन्स्पेक्शन है. कॅप्टन कहाँ हैं?" शिडीवरच्या चांगल्या मिशीवाल्या रक्षकाने खाडकन सॅल्यूट ठोकला. "आइए मॅडम, संभलके," म्हणून माझी पर्ससुद्धा वर नेऊन दिली. मी जहाजावर उभी राहून शेळीला हात हलवला.

साहेब लांब, आवाराच्या पार टोकाला, निंबाखाली बसले होते. तिथून उठून आले.

"क्या देखा?" त्यांनी रक्षकाला विचारलं.

"सर, मॅडम मिनिस्ट्री से हैं, इन्स्पेक्शन..."

"वो तो मैंने भी सुना. वहाँ बैठे-बैठे सुना. तुमने देखा क्या?"

रक्षक माझ्या पर्सकडे बघू लागला.

"पहचान सुनी नहीं जाती. देखी जाती है. बोलने को तो कोई कुछ भी बोल दे." मग आवाज उतरवून म्हणाले, "एक बात और. बदली आए बिना गँगवे नहीं छोड़ना. पर्स पहुँचाने के लिए भी नहीं. भूख लगे, बारिश आए, मालिक बुलाए, जब तक दूसरा आदमी आकर चार्ज न ले, गँगवे तुम्हारा है."

रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्या मिशीवाल्याची मान खाली गेली, तेव्हा त्याच्या जॅकेटचा सुटलेला पट्टा त्यांनीच बांधून दिला. त्या दिवशी मी त्यांच्याकडे प्रथमच नीट बघितलं. धुळीत उभा राहून हा माणूस समुद्र शिकवत होता, आणि सगळे मन लावून शिकत होते. मला खरंच कौतुक वाटलं.

जेवणाच्या वेळी कंपनीचे डायरेक्टर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नाखवासाब, खुशखबर है. आपके कोंकण में नया टर्मिनल मिला है. सिक्युरिटी पूरी आपकी. बस हाँ कर दीजिए." टाळ्या झाल्या. मीच सगळ्यात जोरात वाजवल्या. साहेबांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला, हात पुसला, आणि म्हणाले, "सोचके बताता हूँ."

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "सोचके काय सांगायचंय? जन्मभर हेच मागत होतात ना?" त्यांनी खिडकीची काच सरकवली. मग मी विषय बदलला. "आणि काय हो, तिथे म्हणता ओळख ऐकायची नसते, बघायची असते. तुमच्या दारात तर उलटं. बघत काहीच नाही, नुसतं ओरडायला लावता. आणि कान तर तुमचे शाबूत आहेत. निंबाखालून सगळं ऐकलंत."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "घरचा नियम वेगळा आहे, बाई," एवढंच म्हणाले.

बातमी सोसायटीत पसरवायची जबाबदारी मी घेतली. भाटियाजींनी निरोपसमारंभाचं ठरवून टाकलं, समोसे किती ते सुद्धा. आणि चार दिवसांनी कळलं, साहेबांनी नकार दिला.

मी तडक समोर गेले. नाव, काम, कोणाकडे, सगळं सांगितलं. काम विचारल्यावर मी "भांडण" म्हटलं. दार उघडलं, पण ते बाहेर आले आणि दार मागे ओढून घेतलं.

"साहेब, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"इथलं गेट अजून कच्चं आहे," ते म्हणाले. "बूम बॅरियर अडकतो. रामसुमेर मोबाईल बघतो."

"रामसुमेर मोबाईल बघतो म्हणून तुम्ही कोकण सोडणार?"

"बाई, बदली आल्याशिवाय गँगवे सोडत नाहीत. माझी बदली आलेली नाही."

आता ह्याला काय म्हणायचं! मी घरी येऊन भांडी आपटली. माणसाने हट्टी असावं, पण इतकं? समुद्र समुद्र करत म्हातारा झाला, समुद्र दारात आला, तर हा बूम बॅरियर सांगतोय. कंपनीने फेरविचारासाठी अजून थोडी मुदत दिली होती. मी ठरवलं, आता रझियाताईंनाच सांगायचं. त्या एक शब्द बोलल्या की हा माणूस ऐकेल. समुद्राने चक्कर येते म्हणून ताईच अडून बसल्या असतील, अशीही एक शंका मनात होती, आणि त्यांच्यावर मी थोडी चिडलेही होते.

संधी लवकरच मिळाली. सकाळची वेळ, थंडीचे दिवस. खाली बूम बॅरियर खरंच अडकला आणि रामसुमेरने हाका मारल्या, म्हणून साहेब घाईने उतरले. कमला यायची होती. समोरचं दार उघडंच राहिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी न विचारता, नाव न सांगता आत गेले.

रझियाताई टेबलापाशी उन्हात बसून मटार सोलत होत्या. मला बघून छान हसल्या. "या ना, या. बसा."

मी बसले. "ताई, तुमच्याशी बोलायचंय."

"बोला ना." मग जरा थांबून, अगदी आदबीने, "आपण...?"

मी हसले. "वा! आता तुम्हीसुद्धा का? नवऱ्याचा गुण लागला?"

त्याही हसल्या. पण हात थांबले. हातातली शेंग तशीच अर्धी उघडी. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघावी तशा, आणि कुठलीच लागत नव्हती. "शाळेत भेटलो होतो का आपण?" त्यांनी हळूच विचारलं. "माफ करा हं. इतकी मुलं, इतके पालक..." आणि त्यांचा गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

माझी मिताली या बाईंच्या मांडीवर बसून बाराखडी शिकली. दिल्लीत वाढूनही ती विरजणाला जामन न म्हणता विरजण म्हणते, ते यांच्यामुळे.

दारात साहेब उभे होते. किती वेळ, माहीत नाही. मला आत बघून त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं ओरडतील. ते आत आलेच नाहीत. त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. बेल वाजली. आणि बाहेरून तो खणखणीत आवाज आला, "कोण आलंय घरात? समोरच्या विद्या टिपणीस आल्यात का? मितालीची आई? विरजण न्यायला?"

"अगं बाई, विद्या!" रझियाताई उठल्याच. चेहरा एकदम उजळला. "हो हो, आलीये ही! अहो, आत या तुम्ही, बाहेर काय उभे? विद्या, बस ना गं. मिताली काय म्हणते? बंगळूरची हवा मानवली का तिला?"

सगळं होतं. मिताली, बंगळूर, सगळं जागच्या जागी होतं. फक्त नाव कानावर पडायचं बाकी होतं.

विरजण घेऊन मी बाहेर आले, तर साहेब जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते.

"चेहऱ्यावरून आता सापडत नाही तिला," ते हळू म्हणाले. "नाव ऐकलं की बाकीचं तिचं ती शोधते. मराठी शाळेतली शिक्षिका ती, बाई. सगळ्या मुलांची नावं तोंडपाठ होती, आईवडिलांसकट. तिला कुणासमोर ओशाळं व्हायला लागू नये, एवढंच."

"म्हणून दारात..."

"मला आधीपासून सगळे तऱ्हेवाईक समजतातच. त्यात आणखी एक नियम. कोणाला शंका आली नाही."

हातातली विरजणाची वाटी मी कठड्यावर ठेवली.

"आणि कोकण?"

"डॉक्टर म्हणतात, जागा बदलू नका. ह्या घरात मीठ कुठे, चहा कुठे, हे तिच्या हाताला माहीत आहे. नव्या घरात हाताला काय सापडणार?" त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "आणि तिकडे समुद्र. तिला तो आवडत नाही."

"मग आम्हाला सांगायचं नाही का हो? इतकी वर्षं समोर राहतो!"

"ती जागा रिस्ट्रिक्टेड आहे, बाई. पास फक्त माझ्याकडे."

"मग मलाही द्या," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखा भांडखोर निघाला, ते एक बरं झालं. "मी घेते तुमची बदली."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं, मानेसरच्या रक्षकाकडे बघावं तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराखालून एक पास आत सरकला. मानेसरचाच, लॅमिनेट केलेला. त्यावर माझं नाव, आणि खाली लिहिलेलं, "सोबतीविना प्रवेश." म्हणजे साहेब बरोबर नसले तरी आत जायची मुभा.

टर्मिनल दुसऱ्या कुणाला मिळालं. साहेबांनी त्या माणसाला फोनवरून फाटक कुठे असावं, रात्रीचे दिवे कुठे, हे सगळं समजावून सांगितलं. मी ऐकत होते. आवाज कुठे हलला नाही. फोन ठेवल्यावर मात्र म्हणाले, "तिथे सकाळी भरतीचा वास येत असेल," आणि कमलाने आणलेली भाजी निवडायला बसले.

आता ते मानेसरला जातात त्या दिवशी मी समोर जाते. दारात रीतसर चार्ज होतो.

"लेव्हल?" मी विचारते.

"वन. नाश्ता झालाय. दुपारी शाळेत उशीर होतोय म्हणाली, तर टू समजा. तेव्हा अडवायचं नाही. वह्या तपासायच्या राहिल्यात म्हणायचं, मग बसते."

"चार्ज घेतला."

मग साहेब निघतात, आणि लिफ्टपर्यंत जाऊन दार लागलं की नाही ते बघायला परत येतात. बेल वाजली की आतून मीच विचारते, "नाव? काम? कोणाकडे?" परवा भाटियाजी कुरकुरले, "विद्याजी, आप भी? सोहबत का असर हो गया, यार!" मी म्हटलं, "पूरा नाम बोलिए, भाटियाजी. और ज़ोर से." ह्या वयात तऱ्हेवाईक ठरल्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. चांगली संगत आहे.

मागच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळ झाली होती. मी आणि रझियाताई चहा घेत होतो. त्या दिवसभर छान होत्या, मला दोनदा नावाने हाक मारली होती. बेल वाजली.

"बशीर नाखवा," बाहेरून आवाज आला. "बंदर सुरक्षा. रझिया नाखवांकडे."

मी वाट बघत होते, आता ताई पासाचं विचारतील. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दार उघडलं. बाहेर साहेब, एका हातात मेथीची जुडी. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि पालकसभेला आलेल्या अनोळखी पालकाचं स्वागत करावं तसं गोड हसून म्हणाल्या, "या ना, बसा. हे येतीलच एवढ्यात."

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग ते खाली वाकले आणि बूट काढले. घरातसुद्धा बूट न काढणारा माणूस, पाहुण्यासारखे बूट दाराबाहेर काढून, दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसला. मेथीची जुडी मांडीवर.

"त्यांच्याकडे काम होतं का?" ताईंनी विचारलं. "फार शिस्तीचे आहेत हं. दारात आधी नाव सांगावं लागतं, रागावू नका. माणूस सोन्यासारखा आहे." मग जरा पुढे वाकून, गुपित सांगावं तशा म्हणाल्या, "समुद्राचा माणूस आहे हो. माझ्यासाठी इथे राहिलाय."

मेथीच्या जुडीचा दोरा साहेब बोटाने सोडत बसले.

"असं का," शेवटी म्हणाले. "मग थांबतो मी. मला घाई नाही."

"चहा घ्याल ना?" म्हणत ताई आत गेल्या. कप कुठे, साखर कुठे, हाताला सगळं माहीत होतं. आतून कपबशीचा आवाज येऊ लागला. मी उठले, पर्स घेतली आणि दाराशी, त्यांच्या खुर्चीजवळ थांबले.

"चार्ज दिला," मी म्हटलं.

"घेतला," नाखवासाहेब म्हणाले.